वास गेला की दोर ओढा

आत्याबाई,

पाया पडते. आशीर्वाद मात्र मांगत नाही, कारण पुढचं ऐकल्यावर तुमी तो द्यालच असं नाही.

तुमाले जाऊन तीन वर्षं झाली. तुमाले वाचता येत नव्हतं अन् मेल्या माणसाले टपाल पोचत नाही, हे दोन्ही मले माहीत आहे. मी काही येडी झाली नाही. पण सासू म्हणून तुमी जित्या होत्या, एका चुलीशी बसत होत्या, तेव्हा अकरा वर्षं जे तोंडावर सांगायले झालं नाही ते आज लिहून राहिली. अकोल्याले नामदेवच्या घरी आहे. नातीच्या वहीची पानं फाडली, ती शाळेतून आली की बोंबलेल. सून धुणं घेऊन गेली. नामदेव दिवे लागायच्या आधी घरी येते. तोवर हे संपलं पाहिजे, कारण तो आला की हेच त्याले सांगायचं आहे. अन् त्याच्या आधी तुमाले सांगणं भाग आहे. जो गेला तो नामदेवचा बाप होता, पण पोरगा तुमचा होता.

आधी कालचं ऐका.

नामदेव इथं एका ठेकेदाराकडं मुकादम झाला, हे तुमाले ठाऊक आहे. वस्तीत पेढे तुमीच वाटले होते, अन् वाटून झाल्यावर त्याले म्हणलं होतं, "मुकादम झाला म्हणून नाक गहाण टाकू नको." सहा माणसं आहेत त्याच्या हाताखाली. काल कापसाच्या एका जिनाच्या चाळीची सेप्टिक टाकी उपसायची होती. मी त्याची भाकर घेऊन गेली. सगळे उघड्या पायांनी. मी विचारलं, ठेकेदारानं रबरी बूट आणले म्हणत होता ना रे, कुठं आहेत? तर म्हणे कुलपात. काहून? तर म्हणे घाणीत घातले की खराब होतात.

टाकीत शंकर उतरला होता. नामदेवपेक्षा लहान, लग्नाले वरीस नाही झालं. दोर कमरेले बांधलेला. वर तिघं जण दोर धरून उभे, दोघांच्या तोंडात बिडी, ती पण टाकीच्या तोंडाशी. मी काही बोलणार तर आतून शंकरचा आवाज आला, "वास गेला हो मुकादम! आता कसं बरं वाटते."

वरचे हसले. एक म्हणला, "शंकऱ्याच्या नाकानं हात टेकले." नामदेवही हसला, आत्याबाई. तुमचा नातू.

भाकरीचं फडकं माह्या हातून कधी पडलं मले समजलं नाही. मी त्या तिघांच्या मधात घुसली अन् दोर ओढायले लागली. "ओढा रे, मरते तो, ओढा." माह्या आवाजाच्या भेवानं असेल, त्यांनी ओढला. शंकर वर आला तो शिव्या देतच. "कोण हाय वं ही बुढी? अर्धी टाकी बाकी हाय ना." मंग तो उभा राहायले गेला अन् मटकन खाली बसला. डोये लाल गुंजेवाणी. ओकला. अन् बोलता बोलताच त्याची मान एका अंगाले पडली. पाण्याचे हबके मारले तेव्हा कुठं डोये उघडले.

ठेकेदार आला. त्यानं शंकरकडं पाहिलं नाही, माह्याकडं पाहिलं. "मुकादम, आईला घरी बसवा. पोराला ऊन लागलं तर ही गाव गोळा करते."

नामदेव मले घेऊन घरी आला. अंगणात आल्यावर हात धुता धुता म्हणला, "माय, काहून तमाशा केला?"

"तुह्या आजीचा नेम हाय. वास गेला की दोर ओढा."

"आजीचा नेम," तो म्हणला. "अन् बाप कसा गेला माय? तूच सांगतलं ना मले? काही न बोलता पडला. होता होता नव्हता झाला. तेव्हा आजीच्या नेमानं काय केलं? गॅस सांगून येत नाही. ज्याची भरली तो जाते."

मी चूप बसली. तुमाले माहीत आहे, मी चूप बसणारी बाई नाही. माहेरच्या वलगावच्या पाणवठ्यापासून आपल्या राजापेठेच्या बाजारापर्यंत मले कोणी चूप बसवलं नव्हतं. काल पोराच्या एका बोलण्यानं बसवलं. कारण ते बोलणं त्याचं नव्हतंच. चौदा वर्षांमागं मीच ते त्याच्या तोंडात घातलं होतं.

अन् जेवताना तो काय म्हणते? शंकर आता आठ दिवस उठत नाही. परवा बोर्डिंगची टाकी आहे, माणूस कमी आहे, मीच उतरतो.

परवा म्हणजे उद्या.

म्हणून हे पत्र.

मी नवी नवरी म्हणून तुमच्या घरी आली तो दिवस आठवते का? माह्या बापाले वाटलं, शहर आहे, म्युनिसिपल कमेटीचं काम आहे, पोरगी सुखात राहील. काम कशाचं, हे त्यानं विचारलंच नाही. चौथ्या दिवशी तुमी मले मागच्या गल्लीत नेलं. संडासाचं बारकं दार उचललं, आतली टोपली ओढली, अन् मी तिथंच ओकली. पोटात होतं ते सारं गेलं. बाकीच्या बाया हसल्या, "होईल वं सवय, आमाले नाही झाली का?" तुमी मात्र माह्या पाठीवर हात ठेवून म्हणलं, "सवय होऊ देऊ नको. ज्या दिवशी वास येणं बंद होईल, त्या दिवशी मले सांगजो."

मले वाटलं, ही बुढी आतापासूनच छळायले लागली. तुले जन्मभर घाण येत राहो, असं नव्या सुनेले कोणी म्हणते का?

अन् तुमचे ते नेम! कामाचं लुगडं येगळं, घरचं येगळं. कामाचं दाराच्या आत येणार नाही, बाहेरच्या खुंटीलेच राहील. राखेनं तीनदा हात, तेही कोपरापर्यंत. नखं तुमी सोता तपासत, जशी काही मी शाळेतली पोट्टी. दुकानातून सायकलच्या फाटक्या ट्यूबा मांगून आणत अन् चिरून, सुतळीनं बांधून पोराच्या हातावर चढवत. वस्ती हसत होती, बुढीनं पोराची सायकल केली म्हणून. तुमी त्यांनाच उलट म्हणत, "सायकल पंक्चर झाली तर जोडता येते. पोरगा जोडून द्याल का?"

एकदा चैताच्या उन्हात मी राख न लावता रांजणात हात घातला. भरलेला रांजण. नळ त्या दिवशी गेला होता अन् विहीर कुठल्या कुठं. तुमी पाहिलं. रांजण उपडा केला, सारं पाणी अंगणात. मंग म्हणलं, "भर." मी सात खेपा केल्या अन् खेपेखेपेले तुमाले शिव्या दिल्या. मनातल्या मनात नाही, रस्त्यानं मोठ्यानं दिल्या. त्या आज परत घेते. आपल्या वस्तीत दरसाल दोन-चार लेकरं हगवणीनं जात होती. आपल्या खोलीतलं एकही गेलं नाही. हे मले कळायले किती वर्षं लागली? देवीच्या नवसानं वाचली असं लोक म्हणत. देवी कुठली, राख होती ती.

तुमच्या नाकाचं तर काय सांगू. आठवते ते वकिलाचं घर? तुमी टोपली ओढली अन् तिथंच थांबल्या. उचलली नाही. मागच्या दाराशी जाऊन हाक मारली, "बाईसाहेब, घरात कोणाले जुलाब हायेत का? तांदळाच्या धुवणावाणी पांढरे?"

बाई आतून म्हणाल्या, "तुला काय करायचंय गं? आपलं काम कर."

"तेच करून राहिली. पाणी उकळून प्या अन् आजारी माणसाले आजच दवाखान्यात न्या. उद्या नाही, आज. पटकी हाय."

दार बंद झालं. तुमी ती टोपली येगळी काढली, चुना मांगून आणला, खड्ड्यात पुरली अन् मले म्हणलं, "आज तीनदा नाही, सहादा हात धू." दुसऱ्या दिवशी त्या घराच्या पुढच्या दारात डॉक्टरचा टांगा होता. पोरगा वाचला. साऱ्या गल्लीत नाव झालं डॉक्टरच्या हाताचं. मले राग आला. तुमाले नाही आला. म्हणलं, "डॉक्टर पुढच्या दारानं येते, आपण मागच्या. पटकी कोणतंही दार पाहत नाही."

मी त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्याकडं नीट पाहिलं. काळी, वाळलेली, पायात टायरच्या चपला, तोंडात दातही धड नाही. अन् शिकल्या डॉक्टरच्या एक दिवस आधी तुमाले समजलं होतं. मी मनात म्हणलं, ही बाई कोण आहे?

पण मनात म्हणलं. तोंडावर कधी म्हणलं नाही. सासू-सून असं बोलत असतात का?

आता टाकीचं.

बंगल्यांच्या टाक्या आपली टोळी खासगीत घेत होती. दोराच्या टोकाशी तुमचा पोरगा. त्याचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, पण कागदावर चालते: किसन. टाकीपाशी तुमचा कारभार म्हणजे लष्करावाणी. आदल्या दिवशी सारी झाकणं काढायची, लांब बांबूनं आतलं ढवळून ठेवायचं, रातभर तसंच उघडं. बिडी नाही, काडी नाही. दारू तर नाहीच. बाकीच्या टोळ्या माणसाले पावशेर पाजून उतरवत, वास जाणवू नये म्हणून. तुमी म्हणत, "राखणदाराले दारू पाजून घर कोण सोडते?" दोर कमरेले नाही, काखेतून छातीले. कमरेले बांधला तर शुद्ध गेलेला माणूस दुमडते अन् तोंडाशी अटकते. अन् वरच्यानं दर चार श्वासांले विचारायचं, "वास?" खालच्यानं म्हणायचं, "हाय." पुन्हा, "वास?" "हाय." ज्या क्षणी तो म्हणेल की वास गेला, त्या क्षणी ओढायचं. तो हसो, शिव्या देवो, म्हणो की मले काही झालं नाही. ओढायचं.

टोळीतला दगडू तुमाले माघारी वासवाली बुढी म्हणे. मीही हसत होती.

हे तुमाले कोणी शिकवलं, ते तुमी एकदाच सांगतलं. अचलपूरले तुमी सात-आठ वर्षांच्या असताना तुमचा मोठा भाऊ एका हौदात उतरला. काठावरून तुमी पाहत होत्या. तो हसून म्हणला, आता वास येत नाही, अन् भिंतीले टेकला, जसा काही दुपारचा झोपला. त्याले काढायले दुसरा भाऊ उतरला. तोही झोपला. "दोघंही ओरडले नाही वं," तुमी म्हणलं होतं. "मरणारा माणूस ओरडते ना? मंग हे काहून नाही ओरडले? मी लय दिवस तेच घोळत राहिली. मंग समजलं. आधी नाक मेलं, मंग ते मेले."

मागच्या साली इथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरले मी हे विचारलं. तो म्हणला, बरोबर आहे आजीबाई, तो गॅस आधी वास घ्यायची ताकदच मारते, पुस्तकात आहे तसं. मी म्हणलं, पुस्तक लिहिणाराले किती शाळा होती? तो म्हणला, असेल सोळा-सतरा वर्षं. तुमाले तर एकही नव्हती. दोन भावांचे मुडदे होते अन् सात वर्षांचं डोस्कं होतं. तेवढ्यावर तुमी तिथं पोचल्या. मी त्या दवाखान्याच्या पायरीवर किती वेळ बसून राहिली. कंपाउंडरले वाटलं मले चक्कर आली.

आता ते सांगते.

दीक्षेच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तुमाले ताप होता. कापसाच्या व्यापाऱ्याच्या बंगल्याची टाकी तुंबली होती अन् त्यांच्याकडं सोयरिकीचे पाहुणे यायचे होते. झाकणं आदल्या दिवशी काढू म्हणलं तर शेठाणी म्हणाली, दिवसभर वास सुटेल, सकाळी काढा अन् दुपारपर्यंत उरका. तुमी अंथरुणातून म्हणलं, "मंग नाही म्हणून सांगा." किसन म्हणला, "माय, एकदा नाही म्हणलं तर पुन्हा बोलावत नाहीत." मी त्याच्या बाजूनं बोलली. आठवते? मी म्हणलं, "आत्याबाई, तुमच्या नेमानं टाकी नाही, आपलं पोट रिकामं होईल." तुमी तोंड भिंतीकडं केलं. मंग मले म्हणलं, "दोर तू धरजो. दगडूचं ध्यान राहत नाही."

माह्यावर भरवसा केला तुमी.

झाकणं तासभर उघडी राहिली असतील. किसन उतरला. दोर माह्या हातात, मागं दगडू. मी विचारलं, "वास?" तो म्हणला, "हाय." पुन्हा विचारलं, "वास?" "हाय वं, लय हाय." शेठाणी ओसरीवर नाकाले पदर लावून उभी. म्हणाली, "काय सारखं वास वास लावलंय? वास येणार नाही तर काय होणार?" गडी-माणसं हसली. मले लाज वाटली. टाकीची नाही वाटली कधी, त्या हसण्याची वाटली.

तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच खालून आवाज आला. "गेला वं वास. आता सुखानं काम होते."

हे बोलला तो, आत्याबाई. सरळ बोलला, साफ ऐकू आलं. अन् मी काय केलं? मी म्हणलं, "बरं झालं. उरका मंग." अन् दोर हातभर ढिला सोडला.

विसरली नव्हती मी. तुमचा नेम मले पाठ होता. मले तुमाले खोटं पाडायचं होतं. रांजण, नखं, खुंटी, राख, साऱ्या वस्तीत तुमचंच खरं. मले एकदा घरी येऊन म्हणायचं होतं की पाहा आत्याबाई, वास गेला तरी तुमचा पोरगा टाकी उपसून घरी आला. बस, एवढंच. एवढ्यासाठी.

मी दहा श्वास मोजले नसतील. दोर जड झाला. मी हाक मारली, उत्तर नाही. दगडूनं अन् मी ओढला, तर तो कशाले तरी अटकला. छातीलेच बांधला होता, पण त्याचा हात आतल्या नळाशी गुंतला होता. कोणीतरी तुमाले सांगायले पळालं, अन् आमी तोवर दोर ओढतच राहिलो. शेवटी दगडूनं सदरा काढला, म्हणला, "मी उतरतो."

अन् तुमी आल्या. तापानं पाय लटपटत होते, डोक्यावर पदर नव्हता. किती लांबून चालत आल्या असाल? टाकीत पाहिलं. तुमचा पोरगा आत होता, एकुलता एक. कोणती माय म्हणाली नसती, की दगडू, उतर रे बाबा, काढ त्याले?

तुमी दगडूचा दंड धरला. "माहा गेला," म्हणलं. "तुह्या मायचा जाऊ देत नाही."

तो म्हणला, "मावशी, जीव असेल अजून."

"नाही. हाक मार, ओरडते का पाह. हा हात नाही सोडणार मी. आकडा आणा, बांबूले बांधा, वरून काढा."

आकड्यानं काढला. तुमी सांगत होत्या अन् आमी करत होतो. डावीकडं घे, खाली दाब, आता ओढ. आवाज जरासाही कापला नाही तुमचा. बाहेर काढला तेव्हा त्याच्या तोंडावर भेव नव्हतं, झोपलेला दिसत होता. तुमी त्याचं तोंड पदरानं पुसलं. मंग, मले अजून विश्वास बसत नाही, तुमी साऱ्यांकडं वळून म्हणलं, "हात धुवा. राखेनं. सारे जण."

आजवर मी लय माणसं पाहिली. मोर्चातली पाहिली, भाषणं ऐकली, साहेब पाहिले. त्या दिवशीच्या तुमच्यासारखं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. दगडू आज जिता आहे, त्याले चार नातवंडं आहेत. त्यानं तुमाले वासवाली बुढी म्हणणं त्याच दिवशी सोडलं.

तिसऱ्या दिवशी तुमी मले विचारलं. मी चुलीशी होती. "तो काही बोलला का वं, आतून?"

मी म्हणलं, "नाही. काही न बोलता पडला."

तुमी माह्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं? मले वाटलं आता भिंत फाटते. मंग म्हणलं, "बरं." अन् जन्मात पुन्हा विचारलं नाही.

नामदेवनं विचारलं तेव्हा मी त्यालेही तेच सांगतलं. वस्तीतही तेच. सांगता सांगता ते खरं होऊन गेलं. गॅस सांगून येत नाही. नशीब. साऱ्या वस्तीले ते सोपं वाटलं, कारण नशिबाले कोणी दोर धरायले लावत नाही.

अन् महिन्याभरानं पहिली टाकी आली तेव्हा तुमी काय केलं? टोळीत नवा माणूस उतरून राहिला होता, कोणाचातरी जावई. तुमी दोर उचलला अन् साऱ्यांदेखत माह्या हातात दिला. दगडू पुढं झाला तर त्याले बाजूले केलं. "तिलेच धरू दे," म्हणलं.

काहून दिला, आत्याबाई? तुमाले माहीत होतं का? माहीत असून दिला, तर तुमी कोणत्या मातीच्या होत्या? अन् माहीत नसून दिला, तर मी कोणत्या मातीची, की घेतला? चौदा वर्षं मी हेच घोळवून राहिली. त्या दिवसापासून मी एकाही माणसाले विचारायचं चुकली नाही. तुमी खाटेवर पडेपर्यंत, तुमच्या मागंही, जितक्या वेळा दोर धरला तितक्या वेळा. लोक हसले तरी विचारलं. एकही माणूस गेला नाही. पण त्यानं काय होते? जो गेला तो गेलाच ना.

एक तक्रार आहे तुमच्याविषयी, तीही लिहून टाकते. एकदा तरी मले शिवी द्यायची होती. केस धरून विचारायचं होतं, खरं सांग म्हणून. मी सांगतलं असतं. तुमी उलट दीक्षेनंतर वस्तीत बायांचा वर्ग निघाला तर मले म्हणलं, "तू जा, शीक. चूल मी पाहते." ज्या हातानं दोर सोडला त्या हातात तुमी पाटी दिली. तुमच्या चूप बसण्याखाली मी जितकी दबली, तितकी कोणत्या मारानं दबली नसती. हे तुमी बरोबर केलं नाही. नाही तर बरोबर केलं. मले अजून समजत नाही, अन् मी आता साठीकडं आली.

मी एवढंच पाहून राहिली होती की खोटं बोलल्यानं माहं काय झालं. काल दिसलं की नामदेवचं काय झालं. त्यानं नेम टाकला तो मूर्ख आहे म्हणून नाही. त्याच्या मायनं त्याले सांगतलं की बाप काही न बोलता गेला. जे मरण आधी सांगत नाही, त्याच्यासाठी कोण कशाले कान देईल? नेम त्याले पाठ आहे. नेमाच्या मागचा माणूस मी लपवून ठेवला.

मरण सांगून आलं होतं, आत्याबाई. माह्या कानात येऊन बोललं होतं.

आता ऊन ओट्यावरून उतरलं. सुनेची बादली वाजून राहिली, ती आली. नामदेव येईलच.

तर ऐका. आज तो हात-पाय धुवून बसला की, ताटाच्या आधी, सुनेसमोर सांगणार आहे. किसन काय बोलला ते जसंच्या तसं. मी काय बोलली तेही. शेठाणीवर ढकलणार नाही, तुमच्या तापावर नाही, दगडूवर नाही. उद्या बोर्डिंगच्या टाकीवर मी जाणार, ठेकेदार काही म्हणो. झाकणं आज काढली नसतील तर उद्या कोणी उतरणार नाही, मी त्या तोंडावर बसून राहीन, पोलीस बोलवा म्हणावं. अन् त्या सहाही माणसांले एकेकाले सांगीन की माहा नवरा वास गेल्यावर मेला अन् दोर माह्या हातात होता. लाज वाटेल. वाटू द्या.

नामदेव काय करेल, मले माहीत नाही. तुमचं रक्त आहे, कदाचित चूप बसेल. कदाचित म्हणेल, निघ घरातून. मले माय म्हणणं सोडेल तर सोडू द्या, आत्याबाई. जिता राहून तर सोडेल.

तुमची सून,
भागी